प्रॉम्प्टर परीक्षेला येत नाही

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. दहावीच्या वर्गात ३४ मुलं आहेत. बहुतेकांचं चौथीपर्यंतचं शिक्षण गावातल्या सरकारी मराठी शाळेत झालं, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं ही मुलं धडाधड लिहितात, पण न पाहिलेला उतारा, पत्र किंवा अहवाल आला की पान कोरं राहतं. यंदा पीटीएनं, म्हणजे पालक-शिक्षक संघानं, इंग्रजीच्या तयारीसाठी ३० हजार रुपये दिले आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात, प्रत्येकाला एकेक चांगलं गाईड द्या. एक विक्रेता व्हिडिओ आणि प्रश्नपेढीचं डिजिटल पॅकेज घेऊन दोनदा शाळेत येऊन गेलाय. बाईंना स्वतःला तयार वर्कशीटचा संच घ्यावासा वाटतो. "आमच्या मुलांचा पायाच मराठीत. घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही. निदान साहित्य तरी भक्कम हवं. काय घेऊ?" असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की पहिल्या चाचणीत आजीवरचा निबंध ३३ मुलांनी जवळजवळ एकसारखाच लिहिला, गाईडातला. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर हँड स्मेल काजू इन एप्रिल.' व्याकरण चुकलं म्हणून तिला दहापैकी तीन दिले, "पण ते वाक्य डोक्यातून जात नाही."

प्रिय टीचर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तीस हजारांचा हिशेब मनात मांडत वाचलं, आणि शेवटच्या त्या वाक्याशी आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्या मुलीकडे मी शेवटी येणार आहे. आधी पैशांचं बघू.

तुम्ही 'काय घेऊ' असं विचारलंय. मी तुम्हाला त्याच्या आधीचं विचारते: तुमच्या मुलांचे गुण नेमके कुठे जातात? 'इंग्रजी कच्चं' हे उत्तर पुरेसं नाही, कारण त्यावर औषध नसतं. फोंड्याकडच्या एका हायस्कुलात मी २८ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली निदान दहा वर्षं मी चुकीच्या जागी मलम लावत होते. मुलांचं व्याकरण वाईट आहे असं समजून काळ आणि कर्मणी प्रयोग घोटून घेत राहिले. मग एका वर्षी प्रीलिमच्या, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेच्या, उत्तरपत्रिका घरी नेल्या आणि गुण द्यायच्या आधी एका फुलस्केपवर चार रकाने आखले. प्रश्नच कळला नाही, हा पहिला. कळला पण सांगण्यासारखं काही सुचलं नाही, हा दुसरा. सुचलं पण वाक्य जुळलं नाही, हा तिसरा. वेळ संपला, हा चौथा. प्रत्येक बुडालेल्या प्रश्नासाठी एक रेघ. रात्री अकरापर्यंत बसले होते. पहिला रकाना रेघांनी भरून मागच्या पानावर गेला होता. वाक्य न जुळण्याचा रकाना अर्धासुद्धा भरला नव्हता.

त्यातली एक उत्तरपत्रिका अजून डोळ्यांपुढे आहे. गावात चार दिवस नळाला पाणी नाही, बांधकाम खात्याच्या अभियंत्याला तक्रारीचं पत्र लिहा, असा प्रश्न होता. एका मुलानं सुरेख पत्र लिहिलं होतं. पत्ता उजवीकडे, तारीख, विषयाची ओळ, स्वल्पविराम जिथल्या तिथे. पत्र होतं रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत, अंधारात साप निघतात, वृद्धांना त्रास होतो, या विषयावर. मी त्याला बोलावून विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "टीचर, पाण्याचं पत्र गाईडात नव्हतं." त्याच्या घरची विहीर दर एप्रिलला आटायची. आईबरोबर हंडे घेऊन तो ओहोळापर्यंत जायचा. पाण्याबद्दल त्या वर्गात त्याच्याइतकं कोणाकडेच सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याला शून्य मिळालं होतं.

म्हणून पहिलं काम हेच. पहिल्या चाचणीच्या ३४ उत्तरपत्रिका पुन्हा काढा आणि रेघा मारा. ही एका संध्याकाळची मेहनत आहे आणि तीस हजार कुठे जावेत ते ठरवायला दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही. पहिला रकाना भरला, तर प्रश्न वाचायची सवय लावायला हवी. कुठल्याही गाईडात ती मिळत नाही. दुसरा भरला, तर मुलांना बोलतं करायला हवं. तिसरा भरला, तर वाक्यांची बांधणी. चौथा भरला, तर भिंतीवरचं एक घड्याळ आणि दर आठवड्याला एक वेळ लावून लिहिलेलं उत्तर, बस.

आता गाईडांबद्दल. मुख्याध्यापिकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पालकांना काहीतरी हातात दिसतं, मुलांना धीर येतो. पण तुमच्या-माझ्या गावातलं नाटक आठवा. जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात तेव्हा प्रॉम्प्टर अख्खी वाक्यं वाचतो. पंधरा दिवसांनी फक्त पहिला शब्द देतो. रंगीत तालमीला तो विंगेत असतो, पण शक्यतो तोंड उघडत नाही. नट तयार होतो तो प्रॉम्प्टर हळूहळू गप्प होत जातो म्हणून. गाईड हा कधीच गप्प न होणारा प्रॉम्प्टर आहे. वर्षाच्या सुरुवातीला तो जेवढं बोलतो तेवढंच परीक्षेच्या आदल्या रात्री बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षागृहात तो नसतो.

तुम्हाला हवी असलेली तयार वर्कशीटही बहुधा याच दोषाची निघतात. पहिल्या पानावर जेवढा आधार, पन्नासाव्या पानावरही तेवढाच. त्यापेक्षा एकच पत्र घ्या आणि त्याची चार पानं स्वतः करा. पहिल्या पानावर पूर्ण पत्र, फक्त चार-पाच जागा रिकाम्या. तीन आठवड्यांनी दुसरं पान: प्रत्येक परिच्छेदाचे सुरुवातीचे दोन-तीन शब्द, बाकी मुलांनी लिहायचं. तिसऱ्यावर नुसते मुद्दे. चौथ्यावर फक्त प्रश्न, तोही विषय बदलून: पाण्याच्या जागी कचरा, कचऱ्याच्या जागी बस. असंच अहवालाचं, असंच नोटिशीचं. बारा पानांत तुमचं वर्षाचं लेखनसाहित्य तयार होतं, आणि त्यावर तुमच्या गावाची नावं असतात.

पाठांतराला मात्र मी वाईट म्हणणार नाही. आपली मुलं भजनं, आरत्या, नाटकाची पानंच्या पानं पाठ करतात. ही ताकद आहे, ती फुकट का घालवायची? प्रश्न फक्त काय पाठ करायचं एवढाच. अख्खी उत्तरं पाठ केली, तर प्रश्न बदलला की सगळं वाया. पण पत्राचा सांगाडा, सुरुवातीची विनंती, शेवटची ओळ, कारण सांगताना वापरायचे शब्द, दोन गोष्टींची तुलना करतानाची वळणं असे वीस-पंचवीस तुकडे जिभेवर असतील, तर मूल कुठल्याही विषयावर उभं राहतं. आणि पाठ करायची पद्धतही बदला. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. म्हणजे मुलांना सांगायचं ते 'दहा वेळा वाच' हे नाही. 'एकदा वाच, वही मीट आणि लिही.'

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, त्याकडे येते: 'मुलांचा पायाच मराठीत.' तुम्ही ते कमतरतेसारखं लिहिलंय. गोव्यात प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून किती वर्षं भांडणं चालली आहेत ते आपण दोघीही जाणतो. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं धोरण आलं तेव्हा घराघरांत तोच विषय होता. त्या भांडणात मुलांच्या कानावर एक गोष्ट पडत राहते, की मराठी शाळेत गेलो इथेच चुकलं. वर्गात तरी ती त्यांना ऐकू येऊ देऊ नका.

एक करून बघा. 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'तली दीडशे-दोनशे शब्दांची एखादी बातमी मुलांना द्या आणि परीक्षेत उताऱ्यावर विचारतात तसेच पाच प्रश्न मराठीत विचारा. एक माहितीचा, एक कारणाचा, एक न सांगितलेलं ओळखायचा, एक शब्दाच्या अर्थाचा, एक शीर्षकाचा. ज्यांना हे जमतं, त्यांना उतारा समजून घेणं येतं. फक्त इंग्रजी शब्द आणि वाक्यं कमी पडतात, आणि ती सहा महिन्यांत बरीच भरून काढता येतात. ज्यांना मराठीतही जमत नाही, त्यांना इंग्रजीची शंभर वर्कशीट दिली तरी फरक पडणार नाही. त्यांच्याबरोबर उतारा कसा वाचतात हे मराठीतूनच आधी करायला हवं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि आपण दोघांनाही एकच गोळी देत आलोय.

मुलांच्या चुकांकडेही मराठीच्या खिडकीतून बघा, त्या एकदम समजायला लागतात. 'आय डिड नॉट वेन्ट' असं मूल का लिहितं? कारण 'मी गेलो नाही' यात नकार आला तरी 'गेलो' भूतकाळातच राहतं. मूल मराठीच्या नियमानं बरोबर चाललेलं असतं. 'अ', 'अॅन', 'द' गळतात, कारण आपल्याकडे तसलं काही नाहीच. 'वर' हा आपला एक शब्द टेबलावरच्या पुस्तकाला चालतो, डोक्यावरच्या पंख्याला चालतो आणि माझ्यावर रागावलेल्या माणसालाही चालतो. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळे शब्द लागतात. अशा चुका मुलांकडूनच गोळा करून घ्या. एका मोठ्या कागदावर डावीकडे मराठी वाक्य, मधे चुकलेलं इंग्रजी, उजवीकडे बरोबर, आणि खाली एका ओळीत कारण. कारण मुलांनीच मराठीत लिहायचं. दर आठवड्याला दोन भर घाला. माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत तो कागद खिडकीपासून दारापर्यंत पोचायचा आणि मुलं लिहिता लिहिता मान वळवून बघायची. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांच्याही चुका बऱ्याचशा याच असतात, तेव्हा त्यांनाही तो कागद आपलाच वाटतो.

उताऱ्यांसाठी पुस्तक विकत घेऊ नका. चपलेचं एक रिकामं खोकं आणि एका इंग्रजी वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी पुरेशी आहे. 'नवहिंद टाइम्स' घ्या किंवा 'हेराल्ड', तुमच्याकडे सकाळी जे वेळेवर येतं ते. वीज खात्याची सूचना त्यात येते: अमुक तारखेला, अमुक वेळेत, अमुक वाड्यांवर, दुरुस्तीसाठी वीज बंद राहील. परीक्षेतल्या नोटिशीत जे जे लागतं ते सगळं त्या चार ओळींत असतं, आणि ती वीज मुलांच्या घरची असते. वाचकांची पत्रं येतात, खड्ड्यांवर, कचऱ्यावर, बस चुकल्यावर. ती खऱ्या माणसांनी खऱ्या रागानं लिहिलेली असतात. गाईडातल्या पत्रातला माणूस कधी खरोखर रागावलेला मी पाहिला नाही. गावच्या जत्रेची, क्रिकेटच्या सामन्याची, पावसाची बातमी असते. कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. मागच्या बाजूला प्रश्न तुम्ही लिहू नका, दोघादोघांच्या जोडीनं मुलांना लिहू द्या. प्रश्न काढायला बसलं की उत्तर उताऱ्यात कुठे लपलेलं असतं ते कळायला लागतं, आणि सरळ दिसणारं उत्तर आणि ओळींच्या मधलं उत्तर यांतला फरकही. आठवड्याला तीन कार्डं म्हटली तरी परीक्षेपर्यंत साठ-सत्तर होतात. तासाच्या सुरुवातीची सहा मिनिटं, हजेरी चालू असताना, एका जोडीला एक कार्ड. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच खोकं मिळतं.

यात मी नवीन काही सांगत नाही. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूरला आणि दक्षिणेतल्या इतर काही गावांतल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. तिथे व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली जात: हा नकाशा बघ आणि वाट सांग, हे रेल्वेचं वेळापत्रक बघ आणि कुठली गाडी पकडायची ते ठरव. डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडे रेल्वेच्या जागी कदंब बसचं वेळापत्रक घ्या. साखळी गावच्या मुलीला पणजीत दहा वाजता मुलाखत आहे, बसस्टँडपासून पुढे पंधरा मिनिटं चालायचंय, तिनं कुठली बस पकडावी आणि का, ते चार इंग्रजी वाक्यांत लिहा. वर्गात वाद होतो. कोणी म्हणतं, पावसात ती बस वेळेवर पोचतच नाही. तो वाद इंग्रजीत लिहायला लावा. आपलं मत मांडून त्याला कारणं द्यायचा सराव तिथेच होतो, आणि कोणी कंटाळत नाही.

दुसरं एक साहित्य तुमच्या नजरेतून सुटण्यासारखं आहे: मुलांच्या दप्तरातली विज्ञानाची आणि समाजशास्त्राची पुस्तकं. आपल्याकडे ती इंग्रजीतच असतात. 'स्टेट', 'एक्स्प्लेन', 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय' या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांना किती आणि कसलं उत्तर हवं, हे मुलांना कोणीच वेगळं सांगत नाही. विज्ञानाच्या सरांबरोबर बसून अशा दहा-बारा शब्दांची एक यादी करा आणि दोघंही तीच वापरा. पहिला रकाना यानंच बराच रिकामा होतो, आणि सरांच्या विषयातही गुण वाढतात, म्हणून ते नाही म्हणणार नाहीत.

तपासण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे शिक्षिकेचे रविवार जातात. १९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये मुलांचे तीन गट केले. एकाला नुसते गुण, एकाला नुसता शेरा, एकाला दोन्ही. सुधारणा झाली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुणांबरोबर शेरा दिला तर मुलं गुण बघून वही मिटतात. आपण रात्री जागून लिहिलेलं वाचतच नाहीत. तेव्हा सरावाच्या लेखनाला गुण देऊ नका. चाचणीला द्यावेच लागतात, तिथे द्या. सरावात एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि ती आधी जाहीर करा: या आठवड्यात मी फक्त क्रियापदाचा काळ बघणार. चूक दुरुस्तही करू नका, समासात फक्त एक खूण करा. त्या ओळीत चूक कुठे आहे ते मुलानं शोधायचं.

याहूनही उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं निवडायची, एक बरं, एक मधलं, एक कच्चं. मागच्या वर्षांच्या मुलांची, नावं काढून, आणि कोणाचं ते वर्गाला ओळखू येणार नाही याची काळजी घेऊन. झेरॉक्स काढून चार-चार मुलांच्या गटात द्यायची आणि क्रम लावायला सांगायचं. नंतर मधल्याला चांगलं करायचं, तीनच बदलांत. तीनच, जास्त नाही. परीक्षक कसा वाचतो ते मुलांना असं कळतं. माझ्या व्याख्यानांनी ते कधी कळलं नव्हतं. आणि दर वर्षी पाच-सहा चांगली उत्तरं जपून ठेवत गेलात, तर चार वर्षांत तुमच्या शाळेचं स्वतःचं गाईड तयार होतं. त्यातली आजी, त्यातली जत्रा, त्यातला पूल तुमच्या गावचा असतो. मुख्याध्यापिकांना हे सांगून बघा.

विक्रेत्याला परत पाठवायचं का? त्याला आधी एक आठवडा फुकट वापरायला मागा. मग आपल्या मंडळाच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा समोर ठेवून एकेका प्रश्नप्रकारासमोर त्याच्या पॅकेजात काय आहे ते लिहा. अशी बरीच पॅकेजेस दुसऱ्या मंडळांसाठी बनवलेली असतात आणि वरचं कव्हर तेवढं बदलतं. दुसरं म्हणजे, मूल त्यात किती लिहितं ते बघा. व्हिडिओ बघताना मूल गप्प असतं आणि पर्यायांवर बोट ठेवताना ते एकही वाक्य जुळवत नाही. तुमची मुलं बुडतात ती लिहिण्याच्या जागी. ऐकण्यासाठी, वाचण्यासाठी फुकट पुष्कळ आहे. २०१७ साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे शैक्षणिक संकेतस्थळ आहे. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे अनेक गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे मिळतात, काही कोकणीतही. गोष्टी लहान मुलांच्या आहेत, पण वरच्या पातळीच्या निवडल्या तर नववी-दहावीच्या कच्च्या वाचकांना अपमान वाटत नाही.

या कच्च्या वाचकांबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण ३४ मध्ये चार-पाच असतीलच, ज्यांना इंग्रजीचं एक वाक्य सलग वाचता येत नाही. वर सांगितलेलं त्यांच्या डोक्यावरून जाईल. त्यांना रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला हवं, एका बऱ्या वाचणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून, कोणी हसणार नाही अशा जागी. मराठी गोष्ट आधी, तीच इंग्रजीत नंतर. लेखनात त्यांच्यासाठी पत्राचा सांगाडा आणि पाच-सहा छोटी वाक्यं पक्की करा. लांब उत्तराच्या मागे लावू नका. पत्ता, तारीख, विषय आणि चार शुद्ध ओळी यांनाही गुण असतात, आणि ते मिळाले की पुढची ओळ लिहायची इच्छा होते.

तर तीस हजार. दहा-बारा चांगले छोटे शब्दकोश, वर्गात राहणारे, तिघा-चौघांत एक पुरेल असे. आणि शब्द शोधायच्या शर्यती लावा, नाहीतर ते कपाटात जातील. वर्तमानपत्राची वर्गणी. भिंतीवरचं घड्याळ. कागद आणि झेरॉक्ससाठी सगळ्यात मोठी रक्कम, कारण तुमचं खरं साहित्य तुम्ही आणि मुलं बनवणार आहात. शाळेत चालू प्रिंटर नसेल तर तो. वेगवेगळ्या प्रकाशनांची दोन गाईडं, कपाटात. ती वर्गात अशी वापरा: गाईडातलं उत्तर वाचून दाखवायचं आणि मुलांनी सांगायचं, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर असेल? आणि विचारलेल्या प्रश्नासाठी यातलं काय गाळायचं? जे उरेल ते प्रीलिमनंतरच्या महिन्यासाठी ठेवा. तेव्हाच कळतं काय कमी पडलं. मंडळाच्या जुन्या आणि नमुना प्रश्नपत्रिकांवर पैसे खर्च करू नका, त्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. पीटीएच्या सभेत हा हिशेब मांडताना आधी रेघांचा तो फुलस्केप दाखवा. पालक समजून घेतात. 'गाईड कुठलं घेऊ' असं ते विचारतात ते दुसरं काय विचारायचं ते माहीत नसतं म्हणून. त्यांना सांगा, घरी रोज रात्री मुलाला विचारा, आज काय वाचलंस, मराठीत सांग. एवढं कुठलीही आई करू शकते, आजीही.

आजीवरून त्या मुलीकडे. तुम्ही तीन गुण दिलेत म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. मीही कदाचित तेवढेच दिले असते, आणि नंतर तुमच्यासारखीच झोपले नसते. पण बघा, त्या वाक्यात कमी काय आहे? आजीच्या मागे एक 'स', हाताच्या मागे एक 'स' आणि मधे एक 'ऑफ'. दोन मिनिटांचं काम. बाकीच्या ३३ निबंधांत एकही चूक नसेल, पण त्यांतल्या आजीला हातच नाहीत.

उद्या तिला मधल्या सुट्टीत बोलवा. मराठीत विचारा, आजीच्या हातांना तो वास कसा लागतो? ती सांगेल. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला पहाटे कसं जातात, बी पिरगळून कशी वेगळी करतात, चिकानं बोटं कशी काळी पडतात, घरी आल्यावर साबण लावूनही ते कसं जात नाही. तिला बोलू द्या, वेळ लागला तरी. मग म्हणा, यातली तीन वाक्यं इंग्रजीत लिही. शब्द अडला तर द्या, वाक्य मात्र तिचंच राहू द्या. 'बोंडू'ला इंग्रजी शब्द नाही सापडला तर 'बोंडू'च लिहू दे, आणि तो काय असतो ते पुढच्या वाक्यात सांगू दे. ते लिहून झालं की पुठ्ठ्यावर चिकटवून खोक्यातलं पहिलं कार्ड करा, मागे प्रश्नांसाठी जागा सोडून. पण आधी तिला विचारा, वर्गानं वाचलेलं चालेल का.